पुराना मंदिर, कॅसेट नंबर २१७

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या तळमजल्यात छतापर्यंत पाणी होतं. आई-अण्णा आणि शेजारची दोन कुटुंबं वरच्या मजल्यावर दीड दिवस बसून होती, लाईट नाही, फोन बंद, आणि मी इकडे पुण्यात टीव्हीवर वाशिष्ठीचं पाणी बघत रडत होते. पाणी उतरल्यावर मी आणि धाकटा भाऊ गेलो, आठ-दहा दिवस नुसता चिखल उपसला, फ्रिज गेला, आईची शिलाई मशीन गेली, धान्य गेलं, आणि हे सगळं उरकल्यावर अण्णा एकदम म्हणाले, "माळ्यावरचे खोके बघ गो जरा, त्यांचं काय झालंय." वरच्या मजल्याचा माळा, तिथे पाणी चढायचा प्रश्न नव्हता, पण अख्खं घर आतून ओलं होतं, भिंतींचे पोपडे सुटले होते. त्या गडबडीत आम्ही खोके नुसते खाली उतरवले आणि मी ते गाडीत टाकून पुण्याला आणले. दोन महिन्यांनी उघडले तेव्हा कुबट वासाने डोकं भणभणलं. आत व्हीएचएस कॅसेटी, एकूण ९४.

अण्णांची व्हिडिओ लायब्ररी होती, १९८५ ते १९९६. बाजारपेठेत दहा बाय बाराचा गाळा, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, पार्टिशनच्या मागे एक १४ इंची टीव्ही आणि दोन व्हीसीआर. १९८२ च्या एशियाडनंतर गावोगाव कलर टीव्ही यायला लागले पण व्हीसीआर घेणं सगळ्यांना कुठलं परवडायला, त्यामुळे टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी असा सेटच रात्रभरासाठी भाड्याने जायचा. कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे बारसं, गणपतीत जागरण, की अण्णांकडे आधी नंबर लावून ठेवायचे लोक. मुंबईत शेमारूने पुस्तकांच्या लायब्ररीतूनच १९७९ ला व्हिडिओ भाड्याने द्यायला सुरुवात केली होती, आमच्याकडे ते वारं पाच-सहा वर्षं उशिरा पोचलं. शाळा सुटली की मी दुकानात. माझं काम कॅसेटी रिवाइंड करायचं. रिवाइंड न करता परत आणणाऱ्यांना दंड होता पण अण्णांनी तो कधी घेतला नाही, त्याऐवजी मी होते. व्हीसीआर झिजू नये म्हणून रिवाइंड करायला वेगळं छोटं मशीन असायचं, त्याची घरघर आणि शेवटी येणारा खट्ट आवाज मला आजही झोपेत ऐकू येतो.

नंबर २१७ म्हणजे पुराना मंदिर. रामसे बंधूंचा, १९८४ चा, ए सर्टिफिकेटवाला. मला तो बघायची परवानगी नव्हती. पण परत आलेली कॅसेट खराब तर नाही ना हे बघायला अण्णा पार्टिशनमागे दहा-पंधरा मिनिटं लावायचे आणि मी काउंटरवर बसून सगळं ऐकायचे, दाराची करकर, वारा, बाईची किंकाळी. त्यामुळे हा पिक्चर माझ्यासाठी लहानपणापासून आवाजाचाच होता, चित्र मी माझ्या मनाने लावलेलं. गोष्ट शाळेतली मुलं सांगायची. सामरी नावाचा सैतानाची पूजा करणारा एक नराधम, राजा हरिमानसिंग त्याला पकडतो, त्याचं मुंडकं उडवायची शिक्षा होते, धड एकीकडे पुरतात आणि मुंडकं पेटीत घालून त्रिशूळाच्या पहाऱ्यात वाड्यात ठेवतात, आणि मरायच्या आधी तो शाप देतो की तुझ्या घराण्यातली बाई बाळंतपणात मरेल. मग दोनशे वर्षांनी त्या घराण्यातली मुलगी. बस. एवढ्यावर आम्ही रात्रीचं परसात जायला घाबरायचो.

तर खोके उघडले तेव्हा माझ्या मनात पिक्चर नव्हताच. त्यात भावाच्या मुंजीची कॅसेट होती, १९९१ ची, ती मला हवी होती. मी ती पुण्यातल्या एका दुकानात दिली, बोर्डावर लिहिलेलं होतं की व्हीएचएसचं डीव्हीडी करून मिळेल. मी सांगितलं सुद्धा की आत पांढरं पांढरं दिसतंय, तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला की मशीनमध्ये गेलं की होईल क्लीन. चार दिवसांनी मला प्लास्टिकच्या पिशवीत फितीचा गुंता मिळाला आणि वर पाचशे रुपयांची पावती. बुरशीने फितीचे वेढे एकमेकांना चिकटलेले होते आणि त्यांनी ती तशीच मशीनमध्ये घालून प्ले केली होती, मशीनने ओढली, फीत सुटेना, मग चुरगळली, फाटली. त्या कॅसेटमध्ये माझी आजी होती, आजीचं चालतं-बोलतं असं दुसरं काहीच आमच्याकडे नाही. मी ती पिशवी टाकून दिली नाही, कपाटात ठेवली आणि ठरवलं की आता एकही कॅसेट बाहेर द्यायची नाही, शिकायचं आणि स्वतः करायचं. आणि शिकायचं तर दुसऱ्या कुठल्यातरी कॅसेटवर हात बसवायचा, जिची डीव्हीडी बाजारात मिळते, म्हणजे काही बिघडलं तरी जगातून ती गोष्ट जाणार नाही. म्हणून २१७.

आधी व्हीसीआर. फुनाई या जपानी कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि त्यानंतर जगात नवीन कुणीच बनवत नाही, म्हणजे जे आहेत ते सगळे जुने. मी जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी असे मिळून सात-आठ वेळा गेले आणि दोन मशीन घेतली, एक सातशेला आणि एक बाराशेला, दोन्ही "चालू आहे ताई" म्हणून दिलेली आणि दोन्ही बंद. उघडली तर आतले रबरी बेल्ट वितळून डांबरासारखे झालेले. तपकीर गल्लीत एक वयस्कर मेकॅनिक काका भेटले, त्यांनी दोन मशीनची एक करून दिली, बेल्ट घातले, फीत पुढे सरकवणारं रबरी चाक (पिंच रोलर) बदललं आणि मला समोर बसवून हेड कसं साफ करायचं ते दाखवलं. हे मी इथे नीट लिहिते कारण सगळेजण इथेच चुकतात. आतमध्ये तिरका बसवलेला एक चकचकीत ड्रम असतो, त्याच्या कडेला केसाएवढी बारीक हेड असतात, तीच फितीवरून चित्र वाचतात. त्याला कापूस लावायचा नाही, कापसाचा धागा हेडमध्ये अडकला की हेड तुटतं. मऊ चामड्याचा तुकडा किंवा साधा जाड कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायचा, ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरायचा आणि दुसऱ्या हाताने ड्रम फिरवायचा. कागद वर-खाली घासायचा नाही, कधीच नाही. काका म्हणाले, "बाळाच्या डोळ्यातला कचरा काढतो ना, तसं." कागद काळा निघतो, मग दुसरा घ्यायचा, पांढरा निघेपर्यंत.

मशीन तयार झालं तरी कॅसेट लगेच घालायची नव्हती. आधी वाळवणं. हवाबंद डबा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, त्यावर कॅसेट उभी, सहा आठवडे. ऊन दाखवायचं नाही, फीत आक्रसते आणि वाकडी होते. ओली बुरशी पुसायला गेलं तर ती फासली जाते, वाळली की भुकटी होऊन सुटते. सहा आठवड्यांनी बाल्कनीत वर्तमानपत्र अंथरून, एन-९५ मास्क लावून बसले, मास्कशिवाय हे करू नका, ती भुकटी छातीत जाते. कॅसेट उलटी केली की खाली पाच स्क्रू असतात. ते काढून वरचं झाकण अलगद उचलायचं, आत बारीक स्प्रिंग आहेत त्या उडतात, म्हणून उघडल्या उघडल्या फोटो काढून ठेवायचा. २१७ चं झाकण उचललं आणि मी बघत राहिले. काळ्या गुंडाळीवर वरच्या बाजूने पांढरी नक्षी, मधूनच फांद्या फुटल्यासारखी, भिंतीवर शेवाळ धरतं तशी. डावीकडच्या चकतीवर जास्त, कारण कॅसेट रिवाइंड करून ठेवलेली होती, सगळी फीत तिकडे. रिवाइंड मीच केलेली असणार.

ई-१८० च्या, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटमध्ये साधारण अडीचशे मीटर फीत असते, अर्ध्या इंच रुंदीची. ती सगळी पुसायची. यासाठी माळ्यावरच्याच खोक्यात सापडलेलं लायब्ररीचं रिवाइंड मशीन कामाला आलं, त्याचा बेल्टही गेलेला होता पण साधा रबरबँडसारखा बेल्ट मिळाला. त्याचं झाकण काढून टाकलं, कॅसेटची पुढची फळी उघडी राहील असं केलं आणि फितीच्या दोन्ही बाजूंनी धागे न सुटणारं मऊ फडकं, चष्मा पुसायचं असतं तसं, चिमट्यात धरून बसवलं. मशीन हळू चालावं म्हणून कमी व्होल्टेजचा अडॅप्टर लावला. फीत फडक्यातून सरकत जाते आणि फडक्यावर राखाडी रेघ उमटते. एक फेरी झाली की फडकं बदलायचं आणि उलटी फेरी. आठ फेऱ्या केल्या मी, चार रविवार. सहाव्या फेरीपासून फडकं स्वच्छ यायला लागलं पण तरी दोन जास्तीच्या केल्या. ते घरघर आणि खट्ट आवाज ऐकताना शेजारच्या खोलीतून माझी मुलगी येऊन विचारायला लागली की आई तू इथे का बसून राहिलीयस इतका वेळ, आणि मला काही सांगता आलं नाही.

तिसऱ्या फेरीत फडकं अचानक अडकलं. बघितलं तर मध्येच सेलोटेपचा जोड. पिवळा पडलेला, कडेने डिंक बाहेर आलेला. हा जोड व्हीसीआरमध्ये गेला असता तर तो डिंक थेट हेडला लागला असता. अण्णांना फोन लावला. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "एकोणनव्वदचे गणपती. रात्री एकाच्या मशीनने खाल्ली. सकाळी दुसरं गिऱ्हाईक दारात उभं, मग कापली आणि जोडली." मी विचारलं किती कापली. "हातभर गेली असेल." हातभर फीत म्हणजे हिशोबाने वीसेक सेकंद, व्हीएचएसमध्ये फीत सेकंदाला सव्वादोन-अडीच सेंटीमीटर सरकते. मी जुना जोड काढला, डिंक लागलेला भाग, दीडेक इंच, तोही कापावा लागला, आणि दोन टोकं अगदी सरळ कापून मागच्या बाजूने, म्हणजे रेकॉर्डिंग नसलेल्या बाजूने, फितीची खास चिकटपट्टी लावून जोडली. तो दीड इंचाचा तुकडा मी पाकिटात घालून ठेवलाय.

मग कॅप्चर, म्हणजे फीत चालवून ती कॉम्प्युटरवर उतरवून घेणं. पहिल्यांदा ऑनलाइन मिळणारं सातशे रुपयांचं यूएसबी डोंगल घेतलं, त्याने फ्रेम गळायला लागल्या आणि अर्ध्या तासात आवाज चित्राच्या पुढे पळाला. पैसे वाया. जुन्या फितीतून चित्राच्या ओळी सारख्या वेळाने येत नाहीत, एखादी लवकर, एखादी उशिरा, त्यामुळे सरळ दाराची चौकट पाण्यात पडल्यासारखी हलते. ते सरळ करायला टाइम बेस करेक्टर लागतो, तो महाग, पण मध्ये एखादा चांगला डीव्हीडी रेकॉर्डर जोडला, रेकॉर्ड न करता नुसतं त्यातून सिग्नल पुढे नेला, तर काही मॉडेल बऱ्यापैकी तेच काम करतात. एका ओळखीच्यांकडे पडून होता तो आणला. ७२० बाय ५७६, कुठलंही कॉम्प्रेशन न करता, पिक्चरची फाइल तासाला सत्तर-पंच्याहत्तर जीबी या हिशोबाने झाली. टीव्हीवर बघायला लहान फाइल नंतर बनवता येते, पण मूळ मोठीच ठेवा, कारण फीत दुसऱ्यांदा चालेल याची खात्री नसते.

प्ले दाबलं तेव्हा रात्रीचे अकरा होते. आधी नुसती खरखर, मग आडवे पट्टे, ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवलं आणि चित्र उभं राहिलं. चाळीस वर्षं होत आली होती आणि मी पहिल्यांदा सामरी बघत होते. अजय अगरवाल, ज्यांना आता अनिरुद्ध अगरवाल म्हणून ओळखतात, प्रचंड उंच माणूस, लांब चेहरा. आणि बाकी सगळी माणसं आपलीच, सदाशिव अमरापूरकर आहेत, ललिता पवार आहेत, मोहनीश बहल अगदी कोवळा, पुनीत इस्सर, आणि जगदीपचा तो डाकूचा विनोदी भाग. आमच्या कॉपीवर खालच्या बाजूने जाहिरातींची पट्टी सरकत होती, साड्यांचं दुकान, फर्निचर, सहा आकडी फोन नंबर. ऐन सामरीच्या शिक्षेच्या वेळी खालून लग्नाच्या शालूंची जाहिरात जाते. ही कॉपी मुंबईहून एजंट आणायचा, कॉपीची कॉपी, काळोखातलं काहीच दिसत नाही, नुसता गडद निळा चिखल आणि त्यात हलणारं काहीतरी. फितीच्या वरच्या कडेला आवाजाचा ट्रॅक असतो आणि बुरशी तिथेच जास्त होती, त्यामुळे आवाज मधून मधून बुडतो आणि परत वर येतो.

आणि मग ती गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती. सामरीचा चेहरा पहिल्यांदा मोठा होऊन समोर येतो तिथे चित्रावर एकदम पांढरे ठिपके, दोन-तीन सेकंद, आणि पुढे परत बरं. मला वाटलं बुरशी राहिली. कॅसेट काढून त्या जागची फीत उजेडात धरली तर बुरशी नाही, पण चकाकी वेगळी, घासून घासून गुळगुळीत झालेली. पॉज केलं की फीत थांबते पण ड्रम फिरतच राहतो, मिनिटाला १५०० फेरे, त्याच एका जागेवर हेड घासत राहतात. म्हणजे इथे लोकांनी पॉज केलं होतं. एकदा-दोनदा नाही. पुढे मी मुद्दाम शोधत गेले. पेटीत मुंडकं दिसतं तिथे. आणि तिसरी जागा भीतीची नाहीच, अजित सिंग यांनी संगीत दिलेलं आणि स्वतःच म्हटलेलं ते हळवं गाणं आहे त्याची सुरुवात, तिथे ठिपके नाहीत पण बारीक सुरकुत्या आहेत, मागे नेऊन नेऊन परत लावल्यावर पडतात तशा.

अण्णांची एक वही पुरातून वाचली आहे, १९८७ ते १९९१ ची, खोक्याच्या तळाशी होती. नंबर, नाव, डिपॉझिट, तारीख. मी बसून मोजलं, २१७ त्या चार वर्षांत १६३ वेळा बाहेर गेली होती, दुसरी कुठलीच कॅसेट शंभराच्या वर नाही. नावं वाचली तर पेठमापातली, खेंडीतली, गोवळकोट रोडची घरं, काही माणसं आता नाहीत. त्या १६३ रात्री कुणाच्या तरी ओटीवर चादर टाकून वीस-पंचवीस जण बसलेले, आणि चेहरा आला की कुणीतरी ओरडलेलं थांबव थांबव नीट बघू दे. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "हो तर, पोरं येऊन सांगायची, काका आम्ही त्याला थांबवून बघितला." ते पांढरे ठिपके म्हणजे ती पोरं आहेत. मी ते सॉफ्टवेअरने पुसणार होते, करता येतं, शेजारच्या फ्रेममधून भरून काढतात. मी नाही पुसले.

आता कुणी म्हणेल की चांगली डीव्हीडी आहे तर हा उद्योग कशाला, तर ती डीव्हीडी पण माझ्याकडे आहे, मोंडो मकाब्रो नावाच्या परदेशी कंपनीने २००६ मध्ये काढलेली, बंद दरवाजा आणि पुराना मंदिर एकत्र. नणंदेच्या मुलाने अमेरिकेतून येताना आणली. ती लावली आणि मला रडू आलं, खरंच. कारण ज्याला मी निळा चिखल म्हणत होते त्यात धुकं होतं, धुक्याच्या मागून टाकलेला उजेड होता, लाल, हिरवा, निळा, आणि तो कुणीतरी फार मन लावून टाकलेला होता. गंगू रामसेंचा कॅमेरा आहे. सात भाऊ, कुमार लिहायचे, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, किरण साउंड, अर्जुन एडिटिंग, केशू कॅमेरा आणि निर्मितीत. वडिलांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं, फाळणीनंतर मुंबईत लॅमिंग्टन रोडला आले. १९७० च्या एक नन्ही मुन्नी लडकी थी मध्ये पृथ्वीराज कपूर मुखवटा घालून चोरी करतात असा सीन आहे, पिक्चर पडला पण तेवढा सीन बघायला लोक परत येतात हे मुलांनी हेरलं आणि तिथून भुताच्या पिक्चरचा धंदा सुरू झाला. १९७२ चा दो गज जमीन के नीचे महाबळेश्वरला केला, कलाकार आणि घरची माणसं एकत्र गेस्ट हाउसमध्ये उतरून, स्टुडिओचा सेट लावायला पैसे नाहीत म्हणून. कॅमेरा कसा चालवायचा ते भावांनी एका इंग्रजी पुस्तकातून शिकून घेतलं होतं. हे वाचल्यापासून मला ते फार जवळचे वाटतात. पैसे नाहीत, शिकवणारं कुणी नाही, घरातली माणसं आणि एक पुस्तक घेऊन बसायचं आणि करायचं. लोक त्यांना स्वस्तातले पिक्चरवाले म्हणून हसतात, पण हसणाऱ्यातल्या बहुतेकांनी माझ्यासारखा तो पिक्चर तिसऱ्या पिढीच्या कॉपीवरच बघितलाय, तो उजेड त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही.

तर पिक्चर म्हणून बघायचा तर डीव्हीडीच बघा, माझं स्पष्ट मत आहे. पण चिपळूणने जो बघितला तो २१७. डीव्हीडी शेजारी लावून मी अण्णांचे ते वीस सेकंद पण शोधले, त्यात तसं काही महत्त्वाचं घडत नाही, माणसं इकडून तिकडे जातात. एकोणनव्वदच्या गणपतीनंतर आमच्या गावात ते वीस सेकंद कुणीच बघितले नाहीत. फाइल मी कुठे अपलोड केलेली नाही, करणारही नाही, पिक्चर रामसेंचा आहे. घरात दोन हार्ड डिस्कवर ठेवली आहे, एक पुण्याला, एक चिपळूणला वरच्या मजल्यावर.

दिवाळीत घेऊन गेले. नवीन टीव्हीला लॅपटॉप जोडला. अण्णा आता ७९ चे आहेत, पिक्चर बघतच नव्हते, खालची जाहिरातींची पट्टी वाचत होते आणि मधूनच एजंटच्या आठवणी. जोडाची जागा यायच्या आधीच हात वर करून म्हणाले, "थांब, आता उडी मारेल," आणि मारली. त्यांना सगळं तोंडपाठ. आई मात्र गप्प. मध्यंतरानंतर तिने विचारलं, "ही कॅसेट सारखी जायची तीच ना हो?" अण्णा म्हणाले, "तीच." मग आई म्हणाली, "पोरांच्या फिया हिच्यातून भरल्या आणि मी बाई आज बघतेय." दुकानात ती कधी यायची नाही, तिचं घरचंच काम उरकायचं नाही. शेवटपर्यंत बघितला तिने, रात्री साडेबाराला संपला, सामरी जळाल्यावर उठली आणि देवाजवळचा दिवा बघून आली.

श्याम रामसे २०१९ मध्ये गेले, तुलसी त्याच्या आदल्या वर्षी. १९९३ ला त्यांनीच झी हॉरर शो काढला, आणि तो लोक घरबसल्या केबलवर बघायला लागले, त्याच वर्षापासून अण्णांच्या वहीतल्या नोंदी कमी झाल्या असणार, पण त्या वर्षांच्या वह्या पुरात गेल्या.

आत्तापर्यंत ९४ पैकी ३१ कॅसेटी झाल्यात. बाकीच्या सिलिका जेलमध्ये आहेत. आणि कपाटातली ती पिशवी मी यावर्षी उघडली. गुंता सोडवायला जानेवारीपासून बसतेय, फीत चुरगळलेली आहे तिथे दोन काचांमध्ये धरून सपाट करायची, फाटली आहे तिथे जोडायची, एकेक हात, मग नव्या रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात भरायची आणि एकदाच चालवायची. अकरा मिनिटं निघाली आहेत. आवाज जवळजवळ नाही. मातृभोजन मिळालंय, आजी भावाला भरवताना अर्धा मिनिट दिसते, पाठमोरी. भिक्षावळ अजून सापडलेली नाही, पण पिशवीत अजून बरीच फीत आहे.